बुकर मेला की वाचला? 'बायोशॉक इन्फिनिट'चा शेवट, पहिल्यापासून

खानापूरच्या एका कॉलेजच्या मुलाचा निरोप आलाय. "दादा, काल रात्री 'बायोशॉक इन्फिनिट' ही गेम संपवली. बुकर आणि कॉमस्टॉक एकच माणूस आहे एवढं कळलं, पण एकच कसा ते कळलं नाही. ते भाऊ-बहिणीसारखे दोघं कोण? पोरींनी बुकरला पाण्यात बुडवून मारलं, मग नावं संपल्यावर तो परत खोलीत जिवंत कसा? चार व्हिडिओ बघितले, डोकं आणखी फिरलं. एकदा नीट सांगा की."

सांगतो. बुकर म्हणजे आपण खेळतो तो माणूस, कॉमस्टॉक हा त्याचा शत्रू, आणि एलिझाबेथ ही त्यानं सोडवून आणायची मुलगी. ज्यांची गेम अजून व्हायची आहे त्यांनी इथंच थांबा, कारण शेवट पूर्ण उघडणार आहे.

बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ 2006 पासून माझा गेमिंग कॅफे आहे. ही गेम 26 मार्च 2013 ला आली. तेव्हापासून माझ्यासमोर कितीतरी पोरांनी ती संपवली आणि मी स्वतः सात वेळा खेळलो. शेवटचा प्रसंग आला की मी काउंटरवरून उठून त्या पोराच्या मागं जाऊन उभा राहतो. पियानोचा एकेक सूर वाजतो, एकेक एलिझाबेथ नाहीशी होते आणि शेवटच्या सुराला स्क्रीन एकदम काळी होते. एका पावसाळ्यात एक पोरगा त्या क्षणी खुर्चीतून उठला आणि यूपीएस बघायला टेबलाखाली वाकला. त्याला वाटलं लाईट गेली. यूपीएसचा दिवा हिरवाच होता. तो तसाच वाकलेला, आणि वर स्क्रीनवर गेम बनवणाऱ्यांची नावं सुरू झालेली.

आणखी एक गोष्ट कायम बघतो. नावं सुरू झाली की निम्मी पोरं लॉगआउट करतात, कारण तासाचे पैसे संपत आलेले असतात. त्यामुळं नावांनंतरचा तो छोटा प्रसंग त्यांना दिसतच नाही. तू तो बघितलास, हे चांगलं झालं. तुझा गोंधळही त्यामुळंच वाढलाय, आणि तो बरोबर जागी वाढलाय.

गोंधळ होतो तो उलगडायच्या पद्धतीमुळं. पोरं शेवटापासून सुरू करतात, वही घेऊन काळाच्या रेघा मारतात, जग क्रमांक एक, जग क्रमांक दोन असं लिहीत जातात. दहा मिनिटांत पान भरतं आणि हाताला काही लागत नाही. रेघा मारू नकोस. एका माणसाच्या डोक्यावरचं कर्ज धर आणि त्याच्या मागं मागं जा. गेमच्या सुरुवातीलाच कर्जाचं वाक्य येतं: मुलगी आणून दे, कर्ज फिटेल. तुला वाटलं हे जुगाराचं कर्ज, सावकाराचं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

आता माणूस बघ. बुकर डेविट सोळा वर्षांचा असताना अमेरिकी सैन्याच्या सातव्या घोडदळात होता. 29 डिसेंबर 1890 ला वुंडेड नी इथं या घोडदळानं लाकोटा लोकांची कत्तल केली. ती खरी इतिहासातली आहे, बायका-पोरंसुद्धा मारली गेली. गेममधला बुकर त्या दिवशी सगळ्यांत पुढं होता. का, हे एका ध्वनिमुद्रिकेत सांगितलंय. त्या ध्वनिमुद्रिकांना गेममध्ये व्होक्सोफोन म्हणतात आणि बहुतेक पोरं त्या न ऐकता पुढं पळतात. वरिष्ठानं सगळ्यांसमोर त्याला टोमणा मारला होता की तुझ्या घराण्यात आदिवासी रक्त दिसतंय. तो डाग पुसायला या पोरानं माणसं आत असताना तंबू पेटवले. आता खरी मेख अशी, की ही ध्वनिमुद्रिका कॉमस्टॉकच्या आवाजात आहे. बुकरची गोष्ट, कॉमस्टॉकच्या तोंडून. उत्तर तिथंच ठेवलेलं आहे.

त्याच्या आधी 'वीरांचं दालन' लागतं, तिथं स्लेट नावाचा म्हातारा सैनिक भेटतो. तो ओरडून सांगत असतो की कॉमस्टॉक वुंडेड नीला नव्हताच, तो खोटं बोलतोय, तिथं लढला तो बुकर. आपण मान डोलावतो की हा कॉमस्टॉक ढोंगी. खरं असं आहे की दोघंही खरं बोलतायत. कॉमस्टॉक तिथं होता, फक्त तेव्हा त्याचं नाव कॉमस्टॉक नव्हतं.

कत्तलीनंतर हा पोरगा रात्री झोपू शकत नाही. नदीकाठी एक धर्मोपदेशक बाप्तिस्मा देतोय, म्हणजे पाण्यात बुडवून पापातून सोडवतोय. बुकर रांगेत उभा राहतो. इथं गोष्ट फुटते. एका जगात तो ऐन वेळी मागं फिरतो: एवढं केलंय ते एका बुडीत कसं जाईल? तो बुकरच राहतो. दारू, जुगार, संपकऱ्यांची डोकी फोडायची नोकरी. बायको बाळंतपणात जाते, मुलगी ॲना उरते. दुसऱ्या जगात तोच माणूस पाण्यात उतरतो, वर येतो आणि नवं नाव घेतो: झॅकरी हेल कॉमस्टॉक. पाटी कोरी झाली असं त्याला मनापासून वाटतं. आणि ज्याला आपल्या हातून काही वाईट झालंच नाही असं वाटतं, त्याला पुढं काहीही करायला मोकळीक मिळते. तो आकाशात शहर उभं करतो, कोलंबिया, आणि त्याचा प्रेषित होतो.

या फुटण्याला गेममध्ये 'स्थिर' आणि 'बदलतं' असे दोन शब्द आहेत. काही गोष्टी प्रत्येक जगात तशाच राहतात, काही बदलतात. पोरांना हे सांगताना मी भौतिकशास्त्राच्या वाटेला जात नाही. बेळगावच्या माणसाला हे समजावायला वेंगुर्ला रस्ता पुरतो. चंदगड तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली, चंदगड मुंबई राज्यात गेला, बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात. त्यामुळं आज या रस्त्यावर बाची कर्नाटकात आणि लगतची शिनोळी महाराष्ट्रात. माझ्या आज्जीचं माहेर शिनोळीकडचं. तिच्या भावाच्या नातवाच्या गाडीला एमएच 09, माझ्या गाडीला केए 22. त्याला शाळेत हिंदी-इंग्रजी, मला कानडी. तो कोल्हापूरला दाखल्यासाठी जातो, मी बेळगावच्या डीसी ऑफिसला. हे झालं बदलतं. आडनाव तेच, कुलदैवत तेच, आज्जीच्या हातची नाचणीची भाकरी दोन्हीकडं तीच, जुलैतला पाऊसही तोच. हे झालं स्थिर. रेघ थोडी इकडं पडली असती तर मी तो झालो असतो, हे आपल्याकडं घराघरात बोललं जातं. त्यामुळं मला खरंच वाटतं की ही गेम समजायला आपण इतरांपेक्षा जवळ आहोत.

फक्त एक फरक लक्षात ठेव. तो आणि मी दोन वेगळी माणसं आहोत. बुकर आणि कॉमस्टॉक एकच आहे. एकाच हातानं तंबू पेटवले. फुटलं ते पुढं, पाण्याजवळ.

आणि नाव बदलण्याचं म्हणशील तर तेही आपण बघितलंय. 1 नोव्हेंबर 2014 ला गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं. स्टेशनची पाटी बदलली, बिलावरचा पत्ता बदलला. नळाला पाणी राकसकोपचंच येतं. कुणाला ते नाव हवं, कुणाला नको, तो वाद मी इथं आणत नाही. सांगायचं एवढंच की कॉमस्टॉकनं नाव बदललं आणि आतला माणूसही बदलला असं मानलं. एलिझाबेथला कोंडणारा, काळ्या आणि आयरिश मजुरांना राबवून घेणारा, आकाशातून खालच्या दुनियेवर आग टाकू बघणारा कॉमस्टॉक हा तोच तंबू पेटवणारा पोरगा आहे. त्याच्याकडं आता शहर आहे, एवढाच फरक.

आता ते दोघं. रोझलिंड आणि रॉबर्ट ल्युटेस. लोक त्यांना भाऊ-बहीण समजतात, कोलंबियातली माणसंही तसंच समजतात. ती भावंडं नाहीत. ती दोघं मिळून एकच व्यक्ती आहे. कॉमस्टॉकच्या जगात ती मुलगी म्हणून जन्मली, बुकरच्या जगात मुलगा म्हणून. दोघंही भौतिकशास्त्रज्ञ झाले, दोघांनीही एकच अणू हाताळला आणि त्या अणूवाटे दोन जगांत बोलणं सुरू झालं. म्हणजे गेमनं बुकर-कॉमस्टॉकचं उत्तर तुझ्यासमोर सुरुवातीपासून होडीत बसवून ठेवलं होतं. एक माणूस, दोन जगं, दोन आयुष्यं. फरक एवढाच की ही दोन रूपं एकमेकांना भेटली आणि एकमेकांवर माया करू लागली. बुकर आणि कॉमस्टॉक भेटले तेव्हा एकानं दुसऱ्याला मारलं.

ल्युटेसच्या यंत्रानं जगांमध्ये फट पडते. गेममध्ये तिला टेअर म्हणतात. कॉमस्टॉक त्या फटींतून डोकावतो आणि दिसलेलं भविष्य म्हणून लोकांना सांगतो. त्याचं प्रेषितपण एवढंच. पण यंत्राच्या जवळ राहून तो अकाली म्हातारा होतो आणि त्याला मूल होऊ शकत नाही. म्हणून तो तुला बुकरपेक्षा वीस-तीस वर्षांनी मोठा दिसला. वारस तर हवा, आणि तो स्वतःच्या रक्ताचा हवा. मग तो कुणाचं मूल घेईल? दुसऱ्या जगातल्या स्वतःचंच.

8 ऑक्टोबर 1893. बुकर कर्जात बुडालेला. रॉबर्ट ल्युटेस दारात येऊन सांगतो: मुलगी दे, कर्ज फिटेल. बुकर ॲनाला देतो. थोड्या वेळानं भानावर येतो, गल्लीत धावतो. कॉमस्टॉक फटीतून पलीकडं जातोय, बुकर पोरीला ओढतोय, फट मिटते आणि पोरीच्या करंगळीचं टोक अलीकडं राहतं. एलिझाबेथच्या करंगळीवरचं ते टोपण आठव. एलिझाबेथ म्हणजे ॲना. तिचा थोडासा देह एका जगात आणि बाकी सगळी दुसऱ्या जगात, म्हणून फटी उघडायची ताकद तिच्यात आली. बुकरच्या हातावरचं 'एडी' म्हणजे ॲना डेविट. पश्चात्तापानं त्यानं ते स्वतःच हातावर कोरून घेतलंय. कॉमस्टॉकच्या हातावर ते नाही, कारण त्यानं पोरगी विकली नाही, विकत घेतली.

ते कर्जाचं वाक्य आता परत वाच. मुलगी आणून दे, कर्ज फिटेल. ते 1912 मध्ये, म्हणजे गेम घडते त्या वर्षी, कुणी सांगितलेलं नाही. ते 1893 मधलं आहे. जग ओलांडताना माणसाच्या डोक्यात नव्या जगाच्या आठवणी नसतात, म्हणून मेंदू जुन्याच तुकड्यांतून नव्या आठवणी शिवतो. गेम उघडल्यावर पहिल्या पडद्यावर ल्युटेसबाईंच्या पुस्तकातलं याच अर्थाचं वाक्य येतं, आणि आपण बटण दाबून पुढं जातो. बुकरनं 'मुलगी दिली' या आठवणीची 'मुलगी आणायची आहे' अशी गोष्ट करून घेतली. मी पहिल्यांदा हे समजलो त्या रात्री कॅफे बंद करून बराच वेळ तसाच बसलो होतो. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती.

नाकातून रक्त येतं तेही याच कारणानं. दोन जगांच्या आठवणी एका डोक्यात भांडतात तेव्हा रक्त येतं. बंदुका बनवणारा चेन लिन एका जगात मेलेला आणि दुसऱ्यात जिवंत आहे, म्हणून तो तसा भ्रमिष्टासारखा बसलेला असतो. तिथून पुढं बुकर आणि एलिझाबेथ ज्या जगात शिरतात तिथला बुकर बंडखोरांसाठी लढून मेलेला असतो. म्हणून बंडखोरांची पुढारी डेझी फिट्झरॉय याच्याकडं बघून म्हणते की तू भूत तरी आहेस नाहीतर तोतया. अनेक पोरांचा दोर इथंच तुटतो. लक्षात ठेव, त्या फटीनंतर तुम्ही निघालेल्या जगात परत येतच नाही. जाताय ते पुढच्या पुढच्या जगात.

डेझीबद्दल मला मनापासून एक सांगायचं आहे, ते गेमच्या विरोधात आहे. राबवल्या गेलेल्या काळ्या बाईचं बंड आणि राबवणाऱ्या मालकांचं राज्य ही दोन्ही सारखीच वाईट असं गेम अर्ध्या तासात ठरवून टाकते, तिला एका लहान पोरावर हत्यार धरायला लावते आणि एलिझाबेथच्या हातून मारते. ही लिहिणाऱ्यांची चूक आहे. पुढच्या जोड-भागात त्यांनी सांगितलं की ल्युटेसनीच डेझीला तसं करायला सांगितलं होतं, पण ते मागाहून लावलेलं ठिगळ आहे.

बाकीच्यांत फार अडकू नकोस. फिंक हा कारखानदार. कॉमस्टॉकच्या सांगण्यावरून त्यानं ल्युटेसच्या यंत्रात बिघाड केला. त्यात ती दोघं मरायची, पण सगळ्या जगांत विखुरली गेली. म्हणून ती कुठंही कधीही उगवतात. लेडी कॉमस्टॉकला नवऱ्यानंच मारलं, कारण ही मुलगी आपली नाही हे ती लपवायला तयार नव्हती. साँगबर्ड हा यंत्राचा अजस्र पक्षी, एलिझाबेथचा राखणदार. तिला जेवण-पुस्तकं आणून देणाराही तोच आणि कोंडणाराही तोच. तिला त्याची भीतीही वाटते आणि तो मरताना ती रडतेही. यात काही चुकीचं नाही, कोंडून वाढवलेल्या मुलांचं तसंच होतं.

म्हाताऱ्या एलिझाबेथचा प्रसंग तू सोडून दिलास, त्याबद्दल विचारलंच नाहीस. तो सोडू नकोस. 1983 मध्ये कोलंबिया न्यूयॉर्क जाळतंय, आणि जाळणारी एलिझाबेथच आहे. बुकर तिला सोडवायला पोचू शकला नाही, त्या जगाचा हा शेवट आहे. कारण प्रत्येक वेळी साँगबर्ड बुकरला मारतो. म्हणून ती म्हातारी बुकरला आपल्याकडं ओढून आणते आणि तरुण एलिझाबेथसाठी चिठ्ठी देते, ज्यात साँगबर्डला ताब्यात आणायचे सूर आहेत. तिथं पहिल्यांदा कळतं की हा प्रवास याआधीही झालाय. किती वेळा? सुरुवातीला ल्युटेस नाणं उडवायला लावतात ना, तिथं रॉबर्टच्या अंगावरच्या पाटीकडं बघ. छाप्याखाली रेघांच्या रांगा आहेत, काट्याखाली एकही नाही. प्रत्येक रेघ म्हणजे एक बुकर, आणि तुझ्या आधीचे सगळे अपयशी ठरलेले. रॉबर्टला पोरीची खरेदी टोचत राहिली होती, तो हे सगळं उलटवायला निघालाय. रोझलिंडला ते होईल असं वाटत नाही, तरी ती त्याच्यासोबत आहे.

आता पाण्याकडं ये. कोलंबियात शिरतानाच बुकरला बाप्तिस्मा घ्यावा लागतो. आंधळा धर्मोपदेशक त्याला बुडवतो, बाहेर काढतो, म्हणतो हा अजून स्वच्छ वाटत नाही, आणि परत असा बुडवतो की बुकर मरता मरता वाचतो. तो धर्मोपदेशक म्हणजे नदीकाठचाच विटिंग. पुढं हवाई जहाजावर बुकर कॉमस्टॉकला मारतो ते बाप्तिस्म्याच्या कुंडातच, पाण्यात डोकं दाबून. साँगबर्ड मरतो तो समुद्राच्या तळाशी, रॅप्चर शहराबाहेर, पाण्याच्या दाबानं. रॅप्चर म्हणजे 2007 च्या पहिल्या 'बायोशॉक'मधलं शहर. आणि शेवटी नदी. चार ठिकाणी पाणी आहे आणि चारही ठिकाणी कुणीतरी बुडतंय.

आपल्याकडं ही कल्पना परकी नाही. तू मलप्रभेकाठचा, कणकुंबीला नदी उगम पावते तिथं माणसं स्नानाला जातात हे तुला सांगायला नको. माझी आज्जी स्नानाआधी ज्याच्याशी भांडण झालंय त्याच्या घरी जाऊन यायची. आधी माणसाशी मिटवायचं, मग पाण्याशी, असं ती म्हणायची. कॉमस्टॉकनं पहिली पायरीच गाळली. लाकोटांपैकी कुणाकडं गेला नाही, कुणाची माफी मागितली नाही, सरळ पाण्यात उतरला. बुकरनं पाणी नाकारलं, ते प्रामाणिक होतं. पण तोही कुणाकडं गेला नाही, बाटलीकडं गेला. आणि शेवटी पोरीलाच कर्जात घातलं. दोघांनीही हिशेब चुकवला, एकानं पुसून आणि दुसऱ्यानं पिऊन.

म्हणून शेवट तसा आहे. एलिझाबेथ बुकरला दीपगृहांच्या दारांतून नेते. प्रत्येक दीपगृह एक जग, आणि प्रत्येक जगात एक दीपगृह, एक माणूस, एक शहर असतंच. तिनं कॉमस्टॉकला संपवायचं ठरवलंय, आणि बुकरही म्हणतोय की त्याला पाळण्यातच मारू. ती त्याला नदीवर आणते. बुकर म्हणतो, इथं मी नकार दिला होता. ती सांगते, तू दिलास, पण सगळ्यांनी दिला नाही. तिथं त्याला कळतं की तो ज्याला शोधतोय तो तोच आहे. आणि तो पळत नाही. हे बघ. सबंध गेमभर बुकर अंगावर आलेली प्रत्येक गोष्ट झटकतो. इथं पहिल्यांदा तो स्वतः कबूल होतो. वेगवेगळ्या जगांतल्या एलिझाबेथ त्याला बुडवतात, आणि त्यांच्या हातांवर त्याचे हात येत नाहीत.

निवड होण्याआधीच, फाटा फुटण्याआधीच तो मेला, म्हणून पाण्यातून वर येणारा कॉमस्टॉक कुठल्याच जगात उरत नाही. कॉमस्टॉक नाही तर पोरगी विकत घेणारा नाही. विकत घेणारा नाही तर एलिझाबेथ नाही, फक्त ॲना. म्हणून एकेक सुरावर एकेक एलिझाबेथ विरते.

त्या नदीत एक बारीक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली असेल. तिला सोडवून आणल्यावर तू तिच्यासाठी पक्षी किंवा पिंजरा असा बिल्ला निवडला होतास, तो तिच्या गळ्यात असतो. नदीत त्याच्याशी बोलणाऱ्या एलिझाबेथच्या गळ्यात तो नाही. बुकरलाही जाणवतं, तो विचारतो, तू कोण? ही तुझ्यासोबत आलेली नाही, दुसऱ्या कुठल्या जगातली आहे. पुढच्या वेळी तिथं पॉज कर आणि गळा बघ.

आता तुझा मुख्य प्रश्न. नावांनंतर बुकर आपल्या खोलीत आहे, तारीख 8 ऑक्टोबर 1893. आतल्या खोलीतून पाळण्याच्या खेळण्याचा सूर येतोय. तो म्हणतो, ॲना, तू आहेस का? दार ढकलतो. पाळण्यात कोण आहे ते दिसायच्या आत पडदा काळा.

तर्काला इथं भोक आहे हे मी मान्य करतो. फाट्याआधी बुकर मेला असेल तर नकार देणारा बुकरही मेला, मग खोलीत कोण? याला दोन उत्तरं देतात. एक, हे सगळं परत सुरू होतंय, चक्र तुटलंच नाही. दुसरं, मेल्या त्या फक्त 'होकार' देणाऱ्या शक्यता. नकार देणारा उरला आणि त्याच्या दारात आता कुणी खरेदीदार येणार नाही. मी दुसरं मानतो. माझं कारण तर्काचं नाही, आवाजाचं आहे. गेममध्ये ती खोली याआधी येते तेव्हा दारावर थाप असते, बाहेरून कुणीतरी कर्जाबद्दल ओरडत असतं. या शेवटच्या वेळी बाहेर शांत आहे. हेडफोन लावून ऐक.

तरी हे बक्षीस नाही हेही ध्यानात घे. या बुकरनं कोलंबिया बघितलेलं नाही. त्याचं कर्ज टेबलावर तसंच आहे, बाटलीही तशीच असेल. वुंडेड नी झालेलंच आहे, ते कुठल्याच जगात पुसलं गेलं नाही. उद्या तो कसा वागेल हे गेम सांगत नाही. त्याला फक्त पोरगी परत मिळाली, विकण्याआधीची.

अनेक जण विचारतात की बिल्ला दुसरा निवडला असता, सुरुवातीच्या लॉटरीत चेंडू मंचावर आणलेल्या जोडप्यावर न फेकता फिंकवर फेकला असता, तर शेवट बदलला असता का? नाही. शेवट एकच आहे. नाणं कायम छापाच पडतं, तसंच हे. तुला बदलता येतं ते बारीकसारीक, आणि ते जाणूनबुजून तसं ठेवलंय. ज्या पोरांना चांगला शेवट आणि वाईट शेवट अशा गेमांची सवय आहे ती इथं चिडतात, इंटरनेटवर गुप्त शेवट शोधत बसतात. तो नाही, शोधू नका.

'बेरिअल ॲट सी' हे दोन जोड-भाग नोव्हेंबर 2013 आणि मार्च 2014 मध्ये आले. त्यात फट मिटताना पोरीची करंगळी नाही, डोकं कापलं गेलेलं एक जग आहे, आणि तिथला कॉमस्टॉक पळून रॅप्चरला बुकर बनून लपलाय. दुसऱ्या भागात एलिझाबेथची गोष्ट पहिल्या 'बायोशॉक'ला जाऊन मिळते. पहिली 'बायोशॉक' न खेळता तो भाग लावू नकोस, निम्मं वाया जाईल.

आता असं कर. नवी गेम सुरू कर आणि फक्त पहिला तास खेळ, घाई न करता. होडीत बसल्यावर ल्युटेस तक्रार करतात की हा वल्हवत नाही. ती तक्रार पुन्हा ऐक, कारण तो कधीच वल्हवत नाही हे त्यांना आधीच माहीत आहे. दीपगृहातल्या पाण्याच्या भांड्यावर 'तुझी पापं मी धुईन' अशा अर्थाची पाटी आहे, आणि तिथं बुकर काय बोलतो ते ऐक. मग आंधळ्या विटिंगचं पाणी. तिथं तो दुसऱ्यांदा बुडवतो आणि सगळं काळं होतं, तेव्हा बुकरला पहिल्यांदा ती खोली दिसते, दारावरची थाप ऐकू येते. तिथं गेम आपोआप सेव्ह झाली की थांब. शनिवारी दुपारी कॅफेत गर्दी नसते, खानापूरची पॅसेंजर सापडली नाही तर बसनं ये, पेनड्राईव्हवर सेव्ह घेऊन ये. मोठ्या हेडफोनचा एक जोड बाजूला काढून ठेवतो. त्या थापेचा आवाज आणि नावांनंतरची ती शांतता, दोन्ही एकापाठोपाठ लावून ऐकू.